एकोणिसावी सुरुवात

कादंबरीची पहिली दहा पानं जमली आहेत की नाहीत हे तपासायची एक पद्धत वहिनीने शोधून काढली होती. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही लेखकाला ती सापडली नसती, कारण त्यासाठी हाताखाली रोज चार-पाच चेहरे लागतात, तेही गप्प बसलेले.

वहिनी नणंदेच्या पार्लरमध्ये कामाला होती. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या आणि भिंतभर आरसा, तिथे नणंदबाई केस कापायच्या आणि भुवया कोरायच्या. पडद्यामागे एक अरुंद पलंग, एक स्टूल, गरम पाण्याचं भांडं आणि टॉवेलांची चळत. ते वहिनीचं राज्य. नणंद तिला वहिनी म्हणते म्हणून सगळी गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणायची. अठरा वर्षांची मुलगीही वहिनी म्हणायची आणि सत्तरीच्या आजीबाईही. तिचं खरं नाव काय, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

फेशियल झालं की शेवटी चेहऱ्यावर मातीचा पॅक लावायचा. तो पंधरा मिनिटं वाळू द्यायचा. तेवढ्या वेळात बाईने हसायचं नाही, बोलायचं नाही, कपाळाला आठी घालायची नाही, नाहीतर पॅक फुटतो. वहिनी ब्रशने ओठांच्या कडेपर्यंत पॅक लावायची आणि मग अगदी गोड आवाजात विचारायची, "काहीतरी वाचू का जरा?" नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. त्यामुळे आजवर कोणीही नाही म्हटलं नव्हतं.

दहा पानं मोठ्याने वाचायला चौदा मिनिटं लागायची. वाचून झालं की वहिनी चष्मा चढवून त्या चेहऱ्यावर वाकायची आणि तडे शोधायची. ओठांपाशी तडा म्हणजे हसू आलं. कपाळावर आडवा तडा म्हणजे आश्चर्य वाटलं. दोन भुवयांच्या मध्ये उभी भेग गेली तर बाईला काळजी लागली, आणि लेखकाला तीच सगळ्यात प्यारी. काहीच नाही म्हणजे काहीच नाही. मग ती एका वहीत लिहायची: तारीख, कितवी सुरुवात, कुठली बाई, तडा कुठे. डॉक्टरांनीसुद्धा इतक्या शिस्तीने कागदपत्रं ठेवली नसतील.

"गाढवापुढे वाचली गीता," नणंदबाई पडद्यापलीकडून म्हणायच्या. "अगं वहिनी, त्या झोपायला येतात इथे."

"तुम्ही बघत राहा हो वन्सं," वहिनी म्हणायची.

नणंदबाई तिच्याहून चार वर्षांनी लहान. पण सासरी आल्या दिवसापासून वहिनी त्यांना अहोजाहो करत आली आणि त्या तिला अगंतुगं. आता पंचवीस वर्षांनी हे उलटं करायचं म्हटलं असतं तर दोघींनाही जीभ चावावी लागली असती.

ही सगळी धावपळ कशासाठी, तर एका संपादकबाईंसाठी. वाचनालयात त्यांचं भाषण होतं, वहिनी मागच्या रांगेत बसली होती. संपादकबाई म्हणाल्या, "नवीन लेखकांनो, मी तुमची पहिली दहा पानं वाचते. बऱ्याचदा अकराव्यावर पोचतच नाही." सगळे हसले. वहिनीने मात्र मनातल्या मनात पानं मोजली. तिची तीनशे बारा पानं सहा वर्षं कपाटात, चादरींच्या खाली पडून होती. भाषण संपल्यावर ती चपला शोधायचं निमित्त करून दाराशी थांबली, आणि बाई जवळून जाताना एका श्वासात बोलून मोकळी झाली. बाईंनी मेलचा पत्ता दिला. म्हणाल्या, "पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत. दहाच पानं हं."

त्या दिवसापासून वहिनीच्या पायाला भिंगरी लागली. पोळी लाटताना ती पहिलं वाक्य पुटपुटायची आणि पोळी करपायची. नवरा विचारायचा, "कोणाशी बोलतेस?" तर म्हणायची, "कोणाशी नाही." आणि तव्यावरची पोळी उलटायच्या ऐवजी गॅस बंद करायची.

कादंबरी एका बाईची होती. ती बाई मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला असते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरी धुते, घरी आली की कोपरापर्यंत हात घासते आणि मगच पोरांना जवळ घेते. पुस्तकात तिला नाव नव्हतं, नुसतीच "ती" होती. आणि ती कोण, हे फक्त वहिनीला माहीत होतं. ती वहिनीची आई.

सासरी ही गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. लग्न ठरताना मामा म्हणाले होते, "मुलीची आई हॉस्पिटलात असते." समोरून कोणीतरी विचारलं, "नर्स का?" मामांना नेमका तेव्हाच खोकला आला. पुढे आठ दिवसांनी, नव्या घरात, सासूबाईंनी सरळ तिलाच विचारलं, "नर्स ना गं तुझी आई?" आणि वहिनी म्हणाली, "हो."

एवढंच. एक हो. तो मागे घ्यायला पहिला आठवडा फार लवकर वाटला, पहिला महिना अवघड वाटला आणि पहिलं वर्ष उलटल्यावर अशक्यच झालं. आई गेली त्यालाही आता आठ वर्षं झाली होती. तरी आजही नणंदबाई नव्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगायच्या, "वहिनीच्या हाताला स्वच्छता आहे हो. आई नर्स होती ना तिची." पडद्यामागून कादंबरीचे तुकडे कानांवर पडायचे, तेव्हाही त्या म्हणायच्या, लॉन्ड्रीतल्या गोष्टी त्या नर्स आईनेच सांगितलेल्या असणार. वहिनी अशा वेळी टॉवेलांच्या घड्या करायची. आधीच घडी केलेल्यासुद्धा. पुस्तक छापून आलं तर तिच्या आईचे ते घासून लाल झालेले हात एकदा तरी लोकांसमोर येणार होते. त्यासाठी तिचा जीव तुटत होता, आणि त्याच गोष्टीने तिला घामही फुटत होता.

पहिल्या सुरुवातीत आई घरी येते आणि हात घासते, एवढंच होतं. वहिनीने ती शाळेतल्या शिक्षिकाबाईंना वाचून दाखवली. चेहरा गुळगुळीत. वकीलीणबाईंना दाखवली, तरी गुळगुळीत. बँकेत काम करणारी एक होती, तिला सगळे बँकवालीच म्हणायचे, तिच्यावर तीन वेळा प्रयोग केला. बशीसारखा चेहरा. वहिनी खचली. दुसऱ्या सुरुवातीत तिने हात घासणं दोन पानांवरून दोन ओळींवर आणलं. चौथीत ते काढूनच टाकलं. पाचवी संवादापासून सुरू केली, सहावी भांडणापासून. सातवीत लॉन्ड्रीला आग लावली. आठवीत आग विझवली, कारण ती लागली कशी हे तिला स्वतःलाच सांगता येईना.

नवव्या सुरुवातीत तिने मळक्या चादरींच्या ट्रॉलीत एक प्रेत ठेवलं.

आणि पॅक फुटला! वकीलीणबाईंच्या कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला, गालावर जाळं पसरलं. दुसऱ्या दिवशी शिक्षिकाबाईंचा फुटला, तिसऱ्या दिवशी बँकवालीचा. मग काय विचारता! अकराव्या सुरुवातीत प्रेताच्या मुठीत चिठ्ठी आली. तेराव्यात प्रेताचा एक बूट गायब झाला. सोळाव्यात ट्रॉली आपोआप हलली. वहिनी वहीत तडे मोजत गेली आणि प्रेत सजवत गेली. आई सरकत सरकत दहाव्या पानाच्या तळाशी जाऊन पोचली. तिथे ती दारातून आत येते आणि किंचाळते, एवढंच काम तिला उरलं. तिची खरी आई जन्मात कधी किंचाळली नव्हती.

"वहिनी, हल्ली सगळ्यांचे पॅक फुटतायत," नणंदबाई म्हणाल्या. "तू काय करतेस काय त्यांना?"

"साहित्य," वहिनी म्हणाली.

"साहित्य नीट वापर मग. पाणी जास्त घाल त्यात."

ठरल्या शुक्रवारी, दुपारी चारला, वहिनीने एकोणिसावी सुरुवात पाठवून दिली. बोट ठेवलं आणि लगेच काढलं, तवा तापलाय का बघावं तसं. मग तिने त्या दिवशीचे सगळे टॉवेल धुतले, वाळलेले पुन्हा धुतले, आणि घरी जाताना आपल्या घरावरून पुढे निघून गेली.

पुढच्या मंगळवारी दुपारी वीज गेली. बँकवाली पलंगावर होती, पॅक नुकताच लावून झाला होता. वहिनीने खिडकी उघडली आणि कसलीही गरज नसताना, केवळ आपल्याच यशाची चव पुन्हा घ्यायची म्हणून, तिने एकोणिसावी सुरुवात वाचली. अगदी रंगवून वाचली. ट्रॉली हलली तेव्हा आवाज खाली आणला, बूट सापडला तेव्हा थांबली. वाचून झाल्यावर चष्मा चढवून वाकली.

एक तडा नाही. ओठांपाशी नाही, कपाळावर नाही, कुठेच नाही.

ओल्या टॉवेलने पॅक पुसल्यावर बँकवालीने डोळे उघडले. "काय छान झोप लागली गं वहिनी! तुझं वाचणं म्हणजे ना, अंगाई आहे अगदी."

"तुम्ही ऐकत नाही?"

"पहिल्या ओळीला ऐकते की. मग जाते मी." बँकवाली केस सारखे करत उठली. "आज बरं झालं पण. एरवी तो पंखा डोक्यावर गरगरतो आणि सगळा चेहरा ताणून निघतो. जाळीच होते तोंडाची."

वहिनीने वर पाहिलं. पंखा गप्प लटकत होता. नवा, पांढरा, तीन पात्यांचा. जुना पंखा खडखड करायचा म्हणून कित्येक महिने बंदच होता.

"वन्सं," तिने पडद्यातून डोकं बाहेर काढलं, "हा पंखा कधी बसवला आपण?"

नणंदबाईंनी खणातून त्याचं गॅरंटी कार्ड काढून दिलं. वहिनीने वही उघडली. पंख्याची तारीख आणि पहिल्या प्रेताची तारीख एकच होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली होती, आणि वहिनी दीड महिना त्या कावळ्याची आरती ओवाळत बसली होती. वाईट याचं की पंख्याखाली पॅक ठेवायचा नसतो, तो भराभर वाळून फुटतो, हे तिला पार्लरमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तिने स्वतः दोन मुलींना शिकवलं होतं. पण तेव्हा ती कामवाली होती, आणि या दीड महिन्यात ती लेखिका होती.

ती स्टुलावर बसली आणि हसायला लागली. नंतर हसू थांबलं. तिला आठवलं, पहिल्या सुरुवातीत आई कशी हात घासायची. साबण कुठे ठेवायची, नखांत ब्रश कसा फिरवायची, पोरं उंबऱ्यावर रांगेत कशी थांबायची. हे सगळं तिने एका पंख्याच्या सांगण्यावरून खोडलं होतं.

बुधवारी सकाळी फोन आला. संपादकबाईच.

"तुमची दहा पानं वाचली. अहो, काय प्रेत आहे! अफलातून. कोणाचं आहे ते? थांबा, नका सांगू, मला वाचायचंय. तो बूट म्हणजे तर कमालच. पूर्ण पाठवा मला. सोमवारपर्यंत जमेल? प्रेताचा उलगडा शेवटपर्यंत ताणलाय ना तुम्ही?"

आणि वहिनी म्हणाली, "हो."

फोन ठेवल्यावर तिला कळलं की हा आपला आयुष्यातला दुसरा तसलाच हो. मागे तीनशे दोन पानं होती आणि त्यांत औषधालासुद्धा प्रेत नव्हतं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार तिने त्या तीनशे दोन पानांत प्रेत घुसवायचा प्रयत्न केला. गिऱ्हाइकांच्या मध्ये, गॅसपाशी, बसस्टॉपवर, जिथे उभी असेल तिथे. मुकादमाला मारावं, तर पान दोनशेवर त्याला आईची रजा मंजूर करायची होती. डॉक्टरला मारावं, तर नव्वदाव्या पानावर तो आईला साहेबांसमोर चोर म्हणायचा, आणि ते तर व्हायलाच हवं होतं, कारण ते झालं होतं. शेवटी तिने एका अनोळखी माणसाला मारलं. लगेच पोलीस आले. पोलीस एकदा आले की जात नाहीत. ते लॉन्ड्रीत ठाण मांडून बसले, चहा पिऊ लागले, प्रश्न विचारू लागले, आणि आईला चादरी पिळायला जागाच उरली नाही. वहिनी लिहायची, खोडायची, उठायची, पाणी प्यायची, पुन्हा बसायची. एका जागी दहा मिनिटं तिचा पाय ठरत नव्हता.

शनिवारी सकाळी तिने वकीलीणबाईंना पॅक लावला आणि कोपऱ्यात पोलिसांना बाहेर कसं काढावं हे लिहीत बसली. चाळीस मिनिटं. पंखा चालू होता. पुसायला गेली तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. वकीलीणबाईंनी आरशात पाहिलं, काही न बोलता पर्स उचलली आणि निघून गेल्या. वकील घराण्यातली बाई काही न बोलता जाते ही चांगली खूण नव्हे.

नणंदबाईंनी दुपारपर्यंत वाट पाहिली. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बोलल्या.

"वहिनी, मी तुझ्या लिहिण्याला कधी आडवी आले?"

"नाही."

"मग आता ऐक. ही पार्लरची पाटी मी बारा वर्षं राखलीये. तू घरची आहेस म्हणून शब्द गिळते. पण तुझं लक्ष कुठंय? तोंडावर बारा वाजलेत, हात चालतायत भलतीकडे. काय ते एकदा संपव. त्या बाईंना पाठवायचं असेल तर पाठव, नसेल तर नाही सांग. एवढं काय अवघड आहे?"

त्या सिंककडे वळल्या आणि कंगवे घासायला लागल्या. वहिनी पडद्यापाशी उभी राहिली. मग तिने फोन काढला आणि धीर सुटायच्या आत लावला.

"मॅडम, मी बोलतेय. प्रेतवाली."

"हां, बोला! झालं?"

"मॅडम, प्रेत नाहीये."

"म्हणजे?"

"पुस्तकात नाहीये. त्या दहा पानांतच आहे फक्त. पुढे कोणी मेलेलं नाही. मी ते वरून ठेवलं, तुम्ही अकराव्या पानावर यावं म्हणून."

मग संपादकबाई हळू म्हणाल्या, "आणि अकराव्या पानावर मला काय भेटलं असतं?"

"एक बाई. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धुणारी."

"कोण तुमची?"

सिंकचा नळ चालू होता. नणंदबाईंची पाठ होती इकडे. वहिनीला वाटलं, बाहेर रस्त्यावर जाऊन बोलावं. रस्ता चार पावलांवर होता. पण ती गेली नाही. आई कोण हे कोणी ऐकू नये म्हणूनच तर तिने एकोणीस सुरुवाती लिहिल्या होत्या, हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"आई," ती म्हणाली. "माझी आई."

नळ बंद झाला.

"सासरी मी नर्स सांगितली होती. मॅडम, एक सांगू? हे मी पुस्तकात लिहिलेलं नाही. बावीस वर्षं झाली. आई आमच्याकडे आली होती. माझी नणंद माहेरी आलेली, तिचा मुलगा तीन वर्षांचा, अंग तापलेलं. नणंदेने थर्मामीटर आणला आणि आईच्या हातात दिला. म्हणाली, बरं झालं तुम्ही आलात, घरातच नर्स. आईला आकडे नीट वाचता यायचे नाहीत, तो पारा तर दिसायचाही नाही. ती खिडकीपाशी गेली, काचेची नळी उजेडात धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. सगळे तिच्याकडे बघत होते. मी दारात उभी होते. मला ठाऊक होतं. मी एक शब्द बोलले असते तर झालं असतं. मी बोलले नाही. आई माझ्याकडे बघत म्हणाली, थोडा आहे. मग कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. पहाटे पोराला झटके आले. चार दिवस हॉस्पिटलात होता. वाचला. पण आई पुन्हा आमच्या घरी कधी आली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. चौदा वर्षं गुडघे दुखतात म्हणायची."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे त्या दहा पानांत कुठे होतं?" संपादकबाईंनी विचारलं.

"नव्हतं."

"मग तीनशे पानं लिहिलंत काय तुम्ही?" त्या रागावल्यासारख्या वाटल्या. मग म्हणाल्या, "सोमवार विसरा. हे लिहा. मी शब्द देत नाहीये, समजलं ना? छापेन असं म्हणत नाहीये. पण लिहा आणि मग पाठवा."

फोन बंद झाला. वहिनीने मागे वळून पाहायला बराच वेळ घेतला.

नणंदबाई सिंकपाशीच होत्या. हातातल्या कंगव्यावरून पाणी ठिबकत होतं.

"तू दारात उभी होतीस?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि माझं पोर तापाने फणफणलेलं बघत गप्प बसलीस."

"हो, वन्सं."

नणंदबाईंनी कंगवा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. त्यांचा चेहरा आरशात दिसत होता आणि त्यावरून वहिनीला काहीही वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, आता वन्सं म्हणतील, चालती हो. म्हणावंच त्यांनी. त्यात काही चुकीचं नाही. पंचवीस वर्षांत जे कमावलं ते दोन मिनिटांत गेलं आणि ते आपल्याच तोंडाने गेलं. तरी वहिनीला रडू येत नव्हतं. पहिल्यांदाच तिचे पाय एका जागी ठरले होते.

"मी म्हणत आले, ताप नंतर चढला," नणंदबाई म्हणाल्या. "सगळ्यांना तसंच सांगितलं मी. ह्यांना, आईला, डॉक्टरांना. संध्याकाळी थोडाच होता, रात्री चढला, असं."

"तुम्हाला काय ठाऊक होतं, वन्सं."

"ठाऊक होतं." नणंदबाई खुर्चीत बसल्या, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. "मला सांगितलं होतं तिने."

"कोणी?"

"तुझ्या आईने. त्या संध्याकाळी ती निघाली तेव्हा मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. तू आत होतीस. दोन पायऱ्या उतरली, परत वर आली, माझा हात धरला आणि सांगितलं. मी हसले. मला वाटलं, गंमत करतेय. काय साधी बाई आहे, एवढी शिकलेली आणि मिरवत नाही, असं वाटलं मला. आत येऊन सगळ्यांना हसत हसत सांगितलंही. तू तेव्हा स्वयंपाकघरात भाजी निवडत होतीस बहुतेक. आणि पहाटे पोराला घेऊन धावताना मला तिचं ते तोंड आठवलं. गंमत करणाऱ्या माणसाचं तोंड तसं नसतं गं. मग मी कधीच कोणापाशी बोलले नाही. तुझ्यापाशी तर नाहीच. म्हणून नर्स नर्स करत राहिले मी. जितकं जास्त म्हणावं तितकं ते खरं होईल असं वाटायचं."

वहिनी भिंतीला टेकली. आईने कधी सांगितलं नव्हतं. एका शब्दाने नाही. आपल्या मुलीचा खोटेपणा स्वतःच्या तोंडाने मोडून, वर स्वतःचं हसं करून घेऊन ती जिना उतरून गेली होती, आणि पुढे चौदा वर्षं गुडघ्यांना हात लावत राहिली होती. वहिनीला आता रडू आलं, चांगलं मोठ्याने आलं. नणंदबाईंनी टॉवेल फेकला तिच्याकडे.

"नक्की काय म्हणाली?" वहिनीने टॉवेलमधूनच विचारलं. "वन्सं, तिचे शब्द सांगा. जसेच्या तसे."

"आठवतायत मला. विसरायचे म्हटले तरी जात नाहीत."

वहिनीने टेबलावरची अपॉइंटमेंटची वही ओढली, सोमवारचं कोरं पान काढलं, पेन उघडलं. पण हात इतका कापत होता की पहिलं अक्षरच कागदाबाहेर गेलं. दुसऱ्यांदा ठेवला, तरी तेच.

"आण इकडे," नणंदबाई म्हणाल्या. रोज दोऱ्याने भुवया कोरणाऱ्या बाईचा हात, तो हलत नाही. त्यांनी वही मांडीवर घेतली आणि शाळेतल्यासारख्या ठळक अक्षरांत लिहिलं:

"ताई, मी नर्स नाही हो, मी चादरी धुते, पोराला डॉक्टरकडे न्या."